सेक्रेटरीनं पाऊस बांधला

तांबडवाडीच्या सहकारी सोसायटीचे सेक्रेटरी नारायणराव यांनी पाऊस बांधला, ही बातमी बहात्तर सालच्या श्रावणात एका सोमवारी दुपारी तीन वाजता फुटली आणि दिवेलागणीच्या आत शेजारच्या चार गावांत पोचली. सोसायटीची वार्षिक सभा आहे म्हणून आठ दिवस दवंडी पिटली तरी याच गावात कोरम पुरा होत नसे, हे इथं मुद्दाम नोंदवून ठेवायला हवं.

आता, नारायणराव हा माणूस कसा, तर कुणाच्या अध्यात ना मध्यात. बारीक अंगकाठी, स्वच्छ धोतर, काळी टोपी, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. उभ्या आयुष्यात त्यांना गर्व होता तो एकाच गोष्टीचा, आपल्या अर्जांचा. 'सविनय सादर'पासून 'आपला नम्र'पर्यंत अक्षर असं सुरेख, की कागदाला चौकट करून तो भिंतीवर लावावा. त्या वर्षी गावची विहीर वैशाखातच आटली. बायाबापड्या दोन मैलांवरच्या ओढ्यात झिरे खणून वाटी-वाटीनं घागरी भरू लागल्या. तेव्हा टँकर मिळावा म्हणून नारायणरावांनी तालुक्याला अर्ज केला. मग स्मरणपत्र धाडलं. मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र. श्रावणापर्यंत सात झाले. सातव्यात त्यांनी 'मुक्या जनावरांचे डोळे आपल्या सहीकडे लागले आहेत' असं वाक्य घातलं होतं, आणि ते चेअरमनना वाचून दाखवताना त्यांचा स्वतःचाच गळा दाटून आला होता. टँकर काही आला नाही. गाव बिचारं म्हणायचं, "शेक्रेटरी सायेब लिव्हायलेत न्हवं? मग येतोय टँकर." हे ऐकलं की नारायणराव टोपी नीट करत आणि दुसरीकडं बघत.

पेरणीच झाली नाही म्हटल्यावर खताला कोण येणार? सोसायटीच्या ऑफिसात दिवसभर माशा आणि चार माणसं. एक नारायणराव. दुसरे चेअरमन कोंडिबा, आवाज मोठा आणि मिशा त्याहून मोठ्या. तिसरे रेशन दुकानवाले चन्नबसप्पा. चौथे शाळेतले मच्छिंद्र गुरुजी, हे नियमांचे इतके पक्के की मागं चिटपाखरू नसलं तरी सायकल वळवताना हात दाखवायचे. पत्ते कुटता आले असते, पण सोसायटीत पत्ते म्हणजे जुगार आणि जुगार म्हणजे चौकशी. म्हणून नारायणरावांनी स्वतःच एक खेळ तयार केला. त्याचं नाव 'मंत्रयुद्ध'.

खेळ तसा डोकेबाज होता. प्रत्येकानं एका राज्याचा राजा व्हायचं, दहा चिंचोके म्हणजे दहा प्राण जवळ ठेवायचे. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला लाल शाईनं मंत्र लिहिलेले. डावाच्या आधी आळीपाळीनं एकेक पान उचलून पाच मंत्र निवडायचे. मारक मंत्र समोरच्याच्या राज्यावर टाकायचा, रक्षक मंत्रानं आपलं राज्य वाचवायचं. दान पाडायला कवड्या, त्याही तुळजापूरच्या, नारायणरावांच्या आईनं दिलेल्या. नारायणराव मूळचे तुळजापूरच्या उपाध्यांच्या घरातले. संस्कृतात दोनदा नापास झाले म्हणून तर सहकारात आले. खरा मंत्र एक म्हणून येत नव्हता, पण पुठ्ठ्यावरच्या मंत्रांना त्यांनी एकेक नियम असा लावला होता की गुरुजींनीसुद्धा मान डोलावली.

मंत्र एकूण तेवीस. बारा मारक, अकरा रक्षक. प्रत्येक मारकाला उतारा म्हणून एक रक्षक लिहायचा असं ठरलं होतं, पण दुष्काळात लग्नं कमी, म्हणून पत्रिका कमी, म्हणून शेवटच्या रक्षकाला पुठ्ठा पुरला नाही. उताऱ्यावाचून राहिला तो 'मेघबंधन'. ज्याच्या राज्यावर पडेल तिथं बारा वर्षं पाऊस नाही आणि दर फेरीला दोन प्राण गुल. जो बांधला गेला तो राजाच जिंकला तरच बंधन सुटायचं. पुठ्ठा मिळाला की उतारा लिहू, असं नारायणराव म्हणाले आणि विसरले.

माणूस कसा आहे हे बघायचं असेल तर त्याला मंत्र निवडायला बसवावं. कोंडिबा पाचही मारक घ्यायचे. अग्निवर्षाव, वज्राघात, सर्पपाश, जे दिसेल ते. "बचाव कशापायी? समोरचा उरलाच न्हाय तर आपल्याला मारणार कोन?" असं म्हणायचे आणि तिसऱ्या फेरीत मरायचे. चन्नबसप्पा पानं मोठी पारखून घ्यायचे, पण वापरायचेच नाहीत. "राहू द्या की. पुढं टंचाई झाली म्हंजे काढू," म्हणत पाची पानं मांडीखाली दाबून मरायचे. गुरुजी तीन रक्षक, दोन मारक घ्यायचे आणि बहुतेक वेळा जिंकायचे.

आणि नारायणराव? पाचच्या पाच रक्षक. लोहकवच, छायाछत्र, नागनिवारण, सगळं अंगावर घालून बसायचे. त्यांना कुणी मारू शकत नसे आणि ते कुणाला मारू शकत नसत. स्वतः तयार केलेल्या खेळात दीड महिन्यात हा माणूस एकदाही जिंकला नव्हता.

हे त्यांनी एकदा सहज बायकोला सांगितलं. चुकलंच त्यांचं. वनमालाबाई तेव्हा दोन मैलांवरून आणलेली घागर उतरवत होत्या. घागर खाली ठेवून, कमरेवर हात देऊन त्या म्हणाल्या, "तिथंही कवचच का? अहो, सात अर्ज केलेत. एकदा तरी त्या ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटलात?"

"सरकारी टेबलावर हात आपटणं म्हणजे..."

"म्हणजे काय? टेबल रडतं?"

नारायणरावांना त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही. ते रागावले होते, आणि कुणावर ते कळत नसल्यानं जास्तच रागावले होते.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्या सोमवारी, त्यांनी चार रक्षक उचलले आणि पाचव्या खेपेला, सगळे बघत असताना, मेघबंधन उचललं. चन्नबसप्पा म्हणाले, "अय्यो शिवा! सेक्रेटरी, तब्येत बरी आहे न्हवं?" गुरुजींनी नियमांचा कागद उलटून पाहिला, तसं करायला बंदी नव्हती. बाहेर सकाळपासून गावावर एक ढग उभा होता. चांगला काळा, भरलेला. अख्खं गाव अंगणात माना वर करून बसलं होतं.

तीन वाजता नारायणरावांचं दान पडलं. ते उठून उभे राहिले. मेघबंधनाचं पान कोंडिबांसमोर खाडकन आपटलं. बायकोचं टेबल त्यांच्या डोक्यात असावं, कारण आपटणं जरुरीपेक्षा मोठं झालं. आणि सबंध हयातीत निघाला नव्हता असा आवाज काढून ते गरजले, "बांधला! कोंडिबाच्या राज्यावरचा पाऊस बांधला! बारा वर्षं थेंब पडणार नाही!"

"मेलो की वो!" कोंडिबा छातीवर हात मारून ओरडले. मरण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

याच घटकेला गुलाब दारात उभा होता. गुलाब म्हणजे खालच्या आळीतला, रस्त्याच्या कामावर खडी फोडणारा, एरवी सरळ गडी. सोसायटीचा दाखला मागायला आला होता. त्यानं काय पाहिलं, तर टेबलावर तुळजापूरच्या कवड्या, लाल अक्षरातले मंत्र, चेअरमन छाती धरून आडवे, आणि शेजारी कापलेलं लिंबू. लिंबू चन्नबसप्पांच्या पित्ताचं होतं, पण त्यावर तसं लिहिलेलं नव्हतं. गुलाब आल्या पावली मागं फिरला. त्यानं वर बघितलं. वारा सुटला होता, आणि तो काळा भरलेला ढग गाव सोडून उमरग्याच्या अंगाला निघाला होता.

पाऊस बांधतात ते वीटभट्टीवाले, कच्च्या विटा भिजू नयेत म्हणून, हे तिथं पोराटोराला ठाऊक होतं. सोसायटीचा सेक्रेटरी बांधतो हे नवीन होतं, आणि नवीन असल्यामुळंच लोकांना पटकन पटलं.

संध्याकाळी नारायणराव घरी आले तर शेजारच्या मालनबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. "भाऊजी, झालं ते झालं. लेकरंबाळं हायेत गावात. सोडून द्या," त्या समजुतीनं म्हणाल्या. काय सोडायचं हे नारायणरावांना कळायला पाव तास लागला. कळल्यावर ते इतके हसले की मालनबाई दचकून तीन पावलं मागं सरकल्या. त्यांच्यामागून मुक्ताबाई आल्या. त्यांनी इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, "पाऊस बांधता येतो, मग जावंचं तोंड येईल का हो बांधायला? कायमचं नको. दिवाळीपातुर." नारायणराव हसायचे थांबले.

मंगळवारी चावडीसमोर गाव जमलं. कोरम पुरा होऊन वर उरला.

गुलाबनं पाहिलं ते सगळं खरं खरं सांगितलं, एक अक्षर पदरचं घातलं नाही. नारायणराव म्हणाले, "अरे, तो खेळ आहे. कोंडिबा, तुम्ही तरी सांगा."

कोंडिबा उठले. मिशीवरून हात फिरवला. खेळ आहे एवढं म्हटलं असतं तर मिटत होतं. पण समोर चारशे माणसं. "खेळच हाय," ते म्हणाले, "पर मंतर माज्या राज्यावर टाकला. आन् म्या चेरमन. मंग माजं राज्य म्हंजे कोंतं? ह्योच गाव की!" आणि मोठ्या समाधानानं खाली बसले. गावानं नारायणरावांकडं पाहिलं.

मग मच्छिंद्र गुरुजी उभे राहिले. सरळ, ताठ, शर्टाची वरची गुंडी लावलेली. मंत्रतंत्राची त्यांना मनापासून चीड होती आणि ती त्यांनी कधी लपवली नव्हती. "समुद्राच्या पाण्याची वाफ होते," ते म्हणाले, "वाफेचे ढग होतात, ढग वाऱ्यानं येतात नि वाऱ्यानं जातात. पुठ्ठ्याच्या तुकड्यानं ढग हलत नाही. हे चौथीच्या पुस्तकात आहे. तुमच्या पोरांना मी हेच शिकवतो."

सगळ्यांनी मन लावून ऐकलं. मग एक म्हातारा म्हणाला, "गुरुजी, तुमचं खरं हाय. पर समिंदर लई लांब हाय. शेक्रेटरी हितंच हाय."

"ते काही नाही," दुसरा म्हणाला. "सोडा म्हंजे झालं."

"सोडता येत नाही," नारायणराव चिडून बोलून गेले. "त्याला उताराच नाही!"

"कामून न्हाय?"

"पुठ्ठा संपला."

हा माणूस गावाचा पाऊस बांधून बसतो आणि सोडायची वेळ आली की पुठ्ठा संपला म्हणतो, याला काय म्हणावं ते कुणाला सुचेना. शेवटी गुरुजीच नियमांचा कागद काढून नाइलाजानं म्हणाले, "नियम अकरा. कोंडिबा राजा डाव जिंकला तर बंधन सुटतं. मी हे फक्त नियम म्हणून सांगतोय. पाऊस-बिऊस काही..." पुढचं कुणी ऐकलं नाही.

डाव तिथंच, चावडीच्या ओट्यावर, नव्यानं मांडला. कोंडिबांच्या राज्यावर मेघबंधन तसंच ठेवायचं आणि बाकीच्या तिघांनी हरायचं, असं गावानं ठरवून टाकलं. गुरुजींनी 'लेखी निषेध' नोंदवायला सांगितला. नारायणरावांनी तो सवयीनं सुवाच्य अक्षरात नोंदवला. मग कोंडिबा मंत्र निवडू लागले आणि गाव ओरडू लागलं.

"कवच घ्या चेरमन, कवच!"

"ते छत्र घ्या, लोखंडाचं बी घ्या!"

कोंडिबांनी लोहकवच असं उचललं, जसा पोरगा एरंडेलाचा चमचा घेतो. छायाछत्र घेतलं. नागनिवारण घेतलं. चौथ्याला अग्निशामक घेतलं तेव्हा त्यांचा चेहरा पार पडला होता. पाचव्या खेपेला त्यांनी सगळ्यांकडं एकदा केविलवाणं पाहिलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत झडप घालून वज्राघात उचलला. "येक तरी पायजे राव," ते म्हणाले. "गड्यानं निस्तं अंग झाकून बसायचं म्हंजे काय!"

नुसतं बसून राहिले असते तर जिंकले असते. नारायणरावांनी आणि चन्नबसप्पांनी पहिल्याच फेरीत आपले चिंचोके गपचूप कमी करून घेतले होते. गुरुजीही, निषेध नोंदवून झाल्यावर, हरायला तयार होऊन हात बांधून बसले होते. पण वज्राघात हातात आहे आणि टाकायचा नाही, हे कोंडिबांच्यानं होईना. दुसऱ्या फेरीत त्यांनी तो धाडकन गुरुजींवर टाकला. गुरुजींजवळ दर्पणकवच होतं. दर्पणकवचावर टाकलेला मंत्र टाकणाऱ्यावर दुप्पट उलटतो, आणि तो आपोआप उलटतो, तिथं गुरुजींच्या भिडेचा काही उपयोग नव्हता. कोंडिबांचे सहा प्राण एका झटक्यात गेले, दोन फेऱ्यांचे चार मेघबंधनानं खाल्ले, आणि चेअरमन चावडीच्या ओट्यावर, अख्ख्या गावासमोर, दुसऱ्याच फेरीत खलास झाले.

गावानं डोक्याला हात लावला. कोंडिबा पुटपुटले, "वज्राघात लई भारी व्हता पर."

आता काय? कुणी म्हणालं सेक्रेटरीची बदली करा. कुणी म्हणालं बदली झाली तर पाऊस तसाच बांधलेला राहील आणि किल्ली घेऊन हा जाईल. नारायणराव मान खाली घालून कवड्या गोळा करत होते. बदली झाली असती तर बरं, असं त्यांच्याही मनात येऊन गेलं, पण टँकर न आणता गाव सोडायचं, आणि तेही या आरोपावर, हे त्यांना पटेना.

तेवढ्यात सरुबाई उठल्या. वय सत्तर, तरी दोन मैलांवरून दोन घागरी आणायच्या. "गप बसा सगळे," त्या म्हणाल्या. "सोडायला येत न्हाय ना ह्येला? नसंल. बांधायला तर येतंय? मंग घरात ठिवून काय उपेग? तालुक्याला न्या. टँकर ज्यानं अडीवलाय त्येला बांधा म्हनावं."

नारायणराव कळवळून म्हणाले, "आजी, मला खरंच काही येत नाही हो."

"आसंच म्हनायचं तिथं बी," सरुबाई म्हणाल्या.

बुधवारच्या एसटीनं नारायणराव, कोंडिबा, सरुबाई आणि पिशवीत कवड्या-पानं घेतलेला गुलाब असे चौघं निघाले. नारायणरावांनी मात्र मनाशी ठरवलं होतं. मंत्र नाही, तंत्र नाही. अर्ज. पहाटे उठून त्यांनी आठवा अर्ज लिहिला होता. सव्वादोन पानं. मागच्या सातांचे संदर्भ तारखांसह, विहिरीची खोली फुटांत, बायकांची पायपीट मैलांत, आणि शेवटी असा एक परिच्छेद की दगडाला पाझर फुटावा. हा समक्ष वाचला की काम झालंच पाहिजे, असं त्यांचं मन त्यांना सांगत होतं.

टंचाईचा कारभार बघणारे कारकून अण्णाराव टेबलाशी सुपारी कातरत बसले होते. नारायणरावांनी नमस्कार केला, अर्ज पुढं ठेवला. अण्णारावांनी तो न बघता एका ढिगावर सरकवला. "बघू. साहेब दौऱ्यावर आहेत."

"आपण एकवार वाचून घेतलात तर..."

"ठेवलाय की. पुढच्या महिन्यात या."

नारायणरावांच्या मागं कोंडिबांचा धीर संपला. "न्हाय ऐकत ह्यो," त्यांनी आपल्या समजुतीनं हळूच, म्हणजे खोलीभर ऐकू जाईल असं म्हटलं. "काडा पानं."

गुलाबनं कवड्या टेबलावर ओतल्या. लाल अक्षरातली पानं शेजारी मांडली. अण्णारावांच्या हातातला अडकित्ता थांबला. दारातला चपराशी गुंडाप्पा झपाझप आत आला आणि त्यांच्या कानाशी लागला, "सायेब, हेच ते तांबडवाडीचे. पाऊस बांधलाय बघा. माझ्या सासुरवाडीचा ढग ह्यांनीच घालवला."

"अहो, तसं काही नाही," नारायणराव घाईघाईनं म्हणाले. "मला काही येत नाही."

सरुबाईंनी समाधानानं मान हलवली. अण्णारावांचा चेहरा उतरला.

"आता कोंचा लावावा?" कोंडिबांनी पानांवर वाकून विचारलं. "अग्निवर्षाव टाका. येका दमात समदं..."

"नगं," गुलाब म्हणाला. "कागदं जळत्याल. आपली अर्जी बी त्यातच हाय."

"मंग वाचाबंधन?"

"त्यो आदीच बोलंना," सरुबाई म्हणाल्या. "अजून काय बांधता?"

"ह्यो बगा, मूढमंत्र. अक्कल चालत न्हाय मानसाची."

तिघांनीही अण्णारावांकडं नीट निरखून पाहिलं. "ह्येनं काय फरक पडंल आसं वाटत न्हाय," कोंडिबा म्हणाले आणि ते पान बाजूला ठेवलं.

"अहो, काय चाललंय!" नारायणराव रडकुंडीला आले. "साहेब, हा खेळ आहे. लग्नपत्रिकांचा. हे बघा, मागं मुहूर्तसुद्धा छापलाय." त्यांनी पुरावा म्हणून एक पान उलटं करून अण्णारावांच्या हातात देऊ केलं. ते नेमकं सर्पपाशाचं होतं. अण्णारावांनी हात मागं घेतले, खुर्चीसकट भिंतीपर्यंत सरकले आणि ओरडले, "गुंडाप्पा! तांबडवाडी काढ! आत्ताच्या आत्ता काढ!"

गुंडाप्पानं कपाटाच्या तळातून एक गठ्ठा काढला, फुंकर मारली. वर 'तांबडवाडी - पाणी' असं लिहिलेलं. नारायणरावांनी तो बघितला. सातही अर्ज त्यात होते. सातही त्यांच्याच पाकिटांत होते, आणि सातही पाकिटं बंद होती. त्यांनी स्वतः खळ लावून, अंगठ्यानं दाबून चिकटवलेली तोंडं जशीच्या तशी.

"वाचलेच नाहीत?" त्यांनी विचारलं. आवाज पार बारीक झाला होता.

"वाचायचं काय त्यात? टँकर पाहिजे एवढंच ना?" अण्णारावांनी छापील कागदावर भराभरा गाव लिहिलं, आतल्या खोलीत पळत गेले आणि दौऱ्यावर असलेल्या साहेबांची सही घेऊन दोन मिनिटांत परत आले. "उद्यापासून रोज एक खेप. आणि ती कवडी... ती तेवढी माझ्याकडं तोंड करून ठेवू नका."

गुरुवारी सकाळी टँकर आला. घागरी, हंडे, डबे, जे हाताला लागेल ते घेऊन गाव धावलं. पोरं त्या सांडलेल्या पाण्यात लोळली. सरुबाईंनी टँकरला हळदकुंकू लावलं आणि मग तीच बोटं नारायणरावांच्या कपाळाला लावली. पाऊस बांधल्याचा विषय कुणी काढला नाही. कोंडिबा ज्याला त्याला सांगत होते, "माज्याच राज्यावर टाकला व्हता पैला!" गुरुजींनी घागर भरून घेतली आणि जाताना म्हणाले, "नारायणराव, पाणी आलं याचा आनंद आहे. पण कारण चुकीचं आहे." नारायणराव म्हणाले, "गुरुजी, तुमच्यापेक्षा ते मलाच जास्त समजतंय."

वनमालाबाईंनी त्या दिवशी शेवया केल्या. नवरा मात्र ताटात नुसती बोटं फिरवत बसला. खोदून विचारलं तेव्हा त्यांनी पाकिटांचं सांगितलं. "एकही उघडलं नव्हतं गं. मुक्या जनावरांचे डोळे... सगळं आतच."

बाई हसतील असं त्यांना वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी त्यांच्या ताटात आणखी शेवया वाढल्या, वर दूध घातलं आणि म्हणाल्या, "मला वाचून दाखवा. सातही. आता पाण्याला जायचं नाही, वेळ आहे." नारायणरावांनी नकला काढल्या आणि वाचून दाखवल्या. सातव्याला त्यांचा गळा दाटला तेव्हा वनमालाबाईंनी डोळ्याला पदर लावला. मग नारायणरावांचं मन बरंचसं ताळ्यावर आलं.

रविवारी शेजारच्या गावचे पाचसहा जण दारात येऊन बसले. पुढं महालिंगप्पा पाटील, मोठा पटका, हातात नारळ. त्यांच्या गावचा टँकरही अडला होता. तालुक्याला यायचं, एवढीच विनंती. बैलगाडी बाहेर उभीच होती.

नारायणराव ताठ बसले. "पाटील, एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मला मंत्र येत नाहीत."

"व्हय, ते ऐकलंय आमी," महालिंगप्पा आदरानं म्हणाले.

"मी अर्ज लिहून देतो. तुमच्या विहिरीची खोली सांगा, माणसं सांगा, जनावरं सांगा. असा लिहितो की..."

"अर्ज नगं सायेब. तुमी निस्तं तिथं येऊन बसा."

नारायणरावांची कानशिलं तापली. त्यांनी आत पाहिलं. वनमालाबाईंनी त्यांची टोपी झटकून तयार ठेवली होती. दुसऱ्या गावच्या बायकाही घागरी घेऊन चालतच होत्या, हे त्यांना कळत होतं. ते उठले, टोपी घातली, खिशातलं निळं पेन काढलं आणि निक्षून म्हणाले, "येतो. पण अर्ज मी लिहिणार. अर्जाशिवाय मी पायरी चढणार नाही."

पाटलांनी सोबतच्यांकडं पाहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"लिव्हा की सायेब, आमची ना न्हाय," महालिंगप्पा म्हणाले. "फकस्त जाड कागदावर लिव्हा. तिथं पंखा न्हाय, वारा घ्यायला व्हईल."